आर्थिक वाढ आणि गरिबी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्थव्यवस्था वाढू द्या, गरिबी आपोआप हटेल, असे सांगणारे आहेत. वाढीचा फायदा वरच्यांनाच होतो, गरिबाच्या हाती काहीच लागत नाही, असे सांगणारेही आहेत. दाखले दोघांकडेही आहेत, म्हणून हा वाद मिटत नाही. खालची उत्तरे एकाच प्रश्नाचा धागा धरून लिहिली आहेत: गरीब माणसाकडे विकायला जे असते, म्हणजे बहुतेकदा अंगमेहनत आणि जमलेच तर थोडा शेतमाल, त्याला वाढत्या अर्थव्यवस्थेत गिऱ्हाईक मिळते का, आणि भाव मिळतो का?

आर्थिक वाढ झाली की गरिबी कमी होतेच का?

वीस-तीस वर्षांचा काळ धरला तर बहुतेक वेळा होते. चार-पाच वर्षांचा धरला तर खात्री देता येत नाही.

दिवसाला 2.15 डॉलर या रेषेने मोजले तर 1990 मध्ये जगातले एक तृतीयांशाहून जास्त लोक अतिदारिद्र्यात होते. 2019 पर्यंत हे प्रमाण दहात एकाच्याही खाली आले. त्यातला सर्वांत मोठा वाटा चीनचा. 1978 मध्ये सुरू झालेल्या सुधारणांनंतरच्या चार दशकांत तिथे सुमारे 80 कोटी लोक अतिदारिद्र्यातून बाहेर पडले. व्हिएतनामने 1986 मध्ये 'डोई मोई' या नावाने आर्थिक सुधारणा हाती घेतल्या. तिथे 1993 मध्ये 58 टक्के लोक गरीब होते, 2002 मध्ये 29 टक्के. या दोन्ही देशांत त्या काळात अर्थव्यवस्था वेगाने वाढत होती, आणि ती वाढत नसती तर हे झाले नसते, हे मान्य करायला हवे.

उलट बाजूही तितकीच स्पष्ट आहे. अर्थव्यवस्था आकसली की पहिला फटका गरिबांना बसतो. 1998 मध्ये आशियाई वित्तीय संकटात इंडोनेशियाचे सकल देशांतर्गत उत्पादन (जीडीपी) सुमारे 13 टक्क्यांनी घसरले आणि लाखो कुटुंबे पुन्हा दारिद्र्यरेषेखाली गेली. 2020 मध्ये कोविडच्या वर्षात जगातल्या अतिगरिबांची संख्या सुमारे सात कोटींनी वाढली. त्याआधीची दोन दशके ती सतत घटत होती.

गरीब कोणाला म्हणायचे, हे ठरवते कोण?

प्रत्येक देशाची स्वतःची दारिद्र्यरेषा असते, आणि जागतिक बँकेची एक आंतरराष्ट्रीय रेषा असते. 1990 मध्ये 'दिवसाला एक डॉलर' या मापाने तिची सुरुवात झाली. 2015 मध्ये ती 1.90 डॉलर, 2022 मध्ये 2.15 डॉलर आणि जून 2025 मध्ये 3 डॉलर झाली. हे डॉलर बँकेत बदलून मिळणारे नव्हेत. एका डॉलरमध्ये अमेरिकेत जेवढा माल येतो तेवढा माल त्या-त्या देशात घ्यायला किती पैसे लागतील, असा क्रयशक्तीचा हिशेब त्यात असतो. रेषा वर सरकवली की गरिबांची संख्या कागदावर वाढते, पण एका रात्रीत कोणी अधिक गरीब झालेले नसते. म्हणून जुन्या आणि नव्या रेषेवरचे आकडे एकमेकांशी जोडू नयेत. राष्ट्रीय रेषांचेही तेच: दोन देशांची टक्केवारी शेजारी ठेवून कोण पुढे आणि कोण मागे, हे ठरत नाही.

पैशापलीकडचे मापही आहे. 2010 पासून संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि ऑक्सफर्डमधील संशोधकांचा गट बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक काढतात. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांचे दहा निकष त्यात आहेत: पोषण, बालमृत्यू, शाळा, पाणी, शौचालय, वीज, स्वयंपाकाचे इंधन वगैरे. या मापाने भारतातले गरिबीचे प्रमाण 2005-06 मध्ये 55 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 16 टक्क्यांवर आले. उत्पन्नाचा आकडा आणि हा आकडा एकाच दिशेने जातात, पण एकाच वेगाने जात नाहीत. हातात पैसा आला तरी गावात नळ येत नाही, आणि नळ आला म्हणून मजुरी वाढत नाही.

वाढ गरिबापर्यंत पोहोचते ती नेमकी कोणत्या वाटेने?

तीन मुख्य वाटा आहेत, आणि तिन्ही एकसारख्या रुंद नाहीत.

पहिली आणि सर्वांत मोठी वाट मजुरीची. ज्याच्याकडे जमीन, भांडवल, पदवी यातले काही नाही त्याच्याकडे दोन हात असतात. त्या हातांना मागणी वाढली तर त्याचे दिवस बदलतात. बांगलादेशातला तयार कपड्यांचा उद्योग याचे ठळक उदाहरण आहे. सुमारे 40 लाख लोक त्यात काम करतात आणि त्यात स्त्रियांची संख्या मोठी आहे. देशातली गरिबी 2000 मध्ये 48.9 टक्के होती, 2016 मध्ये 24.3 टक्के झाली. याचे सगळे श्रेय कपड्यांच्या कारखान्यांना देता येणार नाही. शेतीचे उत्पादन, परदेशातून येणारा पैसा, घटलेला जननदर हेही त्यात आहेत. पण ज्या मुलीला याआधी घराबाहेर रोखीचे काम मिळतच नव्हते तिला महिन्याला पगार मिळू लागला, याने घरातले निर्णय बदलले: तिचे लग्न किती वयात करायचे, धाकट्या बहिणीला शाळेत ठेवायचे की नाही. त्याच उद्योगात 2013 मध्ये राणा प्लाझा कोसळून 1100 हून अधिक माणसे मेली. हे काम गरिबीतून बाहेर काढते आणि हेच काम जीवही घेते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पहिलीसाठी दुसरी सोसायलाच हवी असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. इमारतीची तपासणी केल्याने निर्यात बुडत नाही.

दुसरी वाट भावाची: अल्पभूधारकाच्या मालाला मिळणारी किंमत, आणि गरिबाला विकत घ्याव्या लागणाऱ्या धान्याची किंमत. इथे एक पेच आहे. शेतकरी म्हटला की त्याला धान्य महाग झालेले हवे असणार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गरीब देशांतले कितीतरी छोटे शेतकरी वर्षभरात जेवढे धान्य विकतात त्याहून जास्त विकत घेतात. 2007-08 मध्ये जगभर धान्य महागले तेव्हा त्यांचीही ओढाताण झाली. म्हणून त्यांच्या दृष्टीने भाववाढीपेक्षा एकरी उत्पादन वाढणे जास्त मोलाचे असते.

तिसरी वाट सरकारी तिजोरीची. वाढ झाली की कर गोळा होतो, आणि त्यातून शाळा, दवाखाने, रस्ते, पेन्शन उभी राहू शकतात. यातला 'शकतात' महत्त्वाचा. ही वाट राजकारणातून जाते.

शेतीवर भर द्यावा की कारखान्यांवर?

सुरुवात शेतीपासून, असे पुरावा सांगतो. शेतीतून आलेली वाढ ही इतर क्षेत्रांतून आलेल्या तेवढ्याच वाढीपेक्षा गरिबी घटवण्यात निदान दुप्पट परिणामकारक ठरते, असा निष्कर्ष जागतिक बँकेने 2008 च्या जागतिक विकास अहवालात मांडला. कारण साधे आहे: बहुसंख्य गरीब खेड्यात राहतात आणि शेतीवर किंवा शेतमजुरीवर जगतात.

चीनबद्दल बोलताना लोकांच्या डोळ्यांपुढे निर्यातीचे कारखाने येतात. पण 1980 नंतरच्या दोन दशकांत तिथे जेवढी गरिबी हटली त्यातली जवळजवळ निम्मी घट 1980 च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतच झाली होती. तेव्हा शेनझेनमधले कारखाने नुकते कुठे सुरू होत होते. सामूहिक शेती मोडून जमीन कसायला कुटुंबांच्या हाती दिली गेली, सरकारने 1979 मध्ये धान्याचे खरेदीभाव वाढवले आणि ठरलेल्या कोट्यावरचा माल विकायला मुभा दिली. जमीन बऱ्यापैकी समान वाटली गेल्यामुळे वाढलेले उत्पन्नही घरोघर पोहोचले. कारखाने नंतर आले आणि शेतीतून मोकळ्या झालेल्या माणसांना त्यांनी सामावून घेतले.

अर्थात शेवटी बऱ्याच माणसांना शेतीतून बाहेर पडावेच लागते. अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस यांनी 1954 मध्ये मांडले होते की गरीब देशात शेतीत गरजेपेक्षा जास्त हात अडकलेले असतात आणि ते उद्योगात गेले की एकूण उत्पादन वाढते. मात्र जोवर खेड्यात जास्तीचे मजूर शिल्लक आहेत तोवर शहरातली मजुरी फारशी चढत नाही, हाही त्याच मांडणीचा भाग होता. आज अनेक देशांत लोक शेती सोडतात आणि कारखान्यात न जाता हातगाडी, बांधकाम, घरकाम यांत शिरतात. पत्ता बदलतो, उत्पन्न फारसे बदलत नाही.

काही देशांत वाढ जोरात झाली, तरी गरिबी का हटली नाही?

कारण त्या वाढीला गरिबांच्या हातांची गरजच नव्हती.

तेल हे त्याचे नेहमीचे उदाहरण. तेलविहिरीत भांडवल प्रचंड लागते, माणसे मोजकी लागतात. नायजेरियाची अर्थव्यवस्था या शतकाच्या पहिल्या दशकात चांगल्या वेगाने वाढली. तरी 2018-19 च्या पाहणीत 40 टक्के लोक, म्हणजे सुमारे 8.3 कोटी, राष्ट्रीय दारिद्र्यरेषेखाली आढळले. इक्वेटोरियल गिनीत 1990 च्या दशकात तेल सापडले आणि दरडोई उत्पन्न पाहता पाहता श्रीमंत देशांच्या जवळ गेले. सामान्य माणसाच्या घरात त्यातले फार थोडे आले.

खनिज सापडले म्हणजे देश बुडाला, असेही नाही. बोत्सवाना 1966 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक होता. हिऱ्यांचा पैसा तिथल्या सरकारने शाळा, रस्ते आणि दवाखान्यांवर खर्च केला आणि हिशेबही बऱ्यापैकी चोख ठेवला. तिसऱ्या वाटेने पैसा खाली आला. तरी पहिली वाट अरुंदच राहिली, कारण हिऱ्यांच्या खाणी तरी किती लोकांना काम देणार? बोत्सवानातली विषमता आजही जगातल्या सर्वांत जास्त विषमतांमध्ये मोडते.

गरीब आधीपेक्षा बरे जगत असतील, तर विषमता वाढली म्हणून काय बिघडले?

या प्रश्नावर दोन्ही बाजूंचे लोक तावातावाने बोलतात आणि बऱ्याचदा दोघेही खरे बोलत असतात. कसे, ते एका हिशेबातून पाहू.

समजा, एका देशाचे एकूण उत्पन्न 100 आहे. तळच्या 20 टक्के लोकांकडे त्यातले 5 जातात, वरच्या 20 टक्क्यांकडे 50. आता अर्थव्यवस्था 10 टक्क्यांनी वाढली आणि सगळ्यांचे उत्पन्न समान दराने वाढले. तळच्यांचे 5.5 झाले, वरच्यांचे 55. पहिला म्हणतो, गरिबांचे उत्पन्न सरासरीइतक्याच वेगाने वाढले. बरोबर. दुसरा म्हणतो, वाढलेल्या 10 पैकी 5 वरच्यांनी नेले आणि तळच्यांना अर्धा मिळाला. तेही बरोबर. डेव्हिड डॉलर आणि आर्ट क्रे या जागतिक बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी 92 देशांची चार दशकांची आकडेवारी तपासून, तळच्या पंचमांशाचे उत्पन्न सरासरीबरोबर त्याच प्रमाणात वाढते, असे दाखवले. त्या अभ्यासाचा हवाला देणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हे अनेक देशांच्या सरासरीचे चित्र आहे, आणि प्रमाण सारखे राहिले तरी पदरात पडणारी रक्कम सारखी नसते.

सुरुवातीलाच विषमता जास्त असेल तर गरिबी हटायला वेळ लागतो, हे याच हिशेबातून निघते. अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन यांनी यावर आयुष्यभर काम केले. त्यांच्या हिशेबाने उत्पन्न एक टक्क्याने वाढले तर अत्यंत कमी विषमतेच्या देशात गरिबीचे प्रमाण चार टक्क्यांहून अधिक घटू शकते. अतिविषम देशात ही घट एक टक्कासुद्धा नसते. विषम देशाला तेवढीच गरिबी हटवायला कैक पट वाढ लागते, आणि तेवढी वाढ कोणाच्याच हातात नसते. म्हणून विषमतेचा प्रश्न फक्त न्यायाचा नाही. ज्यांना केवळ गरिबी कमी व्हायला हवी आहे, त्यांनाही तो टाळता येत नाही.

आधी अर्थव्यवस्था मोठी होऊ द्यावी आणि वाटपाचे नंतर पाहावे, हे योग्य आहे का?

अर्थतज्ज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी 1955 मध्ये अंदाज मांडला की विकासाच्या सुरुवातीला विषमता वाढते आणि पुढे घटते. त्याचा आधार घेऊन कितीतरी सरकारांनी गरिबांना थांबायला सांगितले. आपल्या मांडणीत माहिती पाच टक्के आणि अटकळ पंचाण्णव टक्के असावी, असे खुद्द कुझ्नेट्स यांनी लिहिले होते. ते मात्र कोणी ऐकले नाही.

ब्राझीलची अर्थव्यवस्था 1968 ते 1973 या काळात वर्षाला सुमारे 10 टक्क्यांनी वाढली आणि वाटप नंतरवर ठेवले गेले. 'नंतर' उजाडायला तीन दशके गेली. 2000 नंतर शिक्षणाचा प्रसार, किमान वेतनातली वाढ आणि 2003 मध्ये सुरू झालेली 'बोल्सा फमिलिया' ही रोख मदतीची योजना यांमुळे विषमता घसरू लागली. दक्षिण कोरियाने क्रम उलटा ठेवला. 1950 च्या सुमारास जमीनसुधारणा, मग सगळ्यांना प्राथमिक शिक्षण, आणि त्यानंतर उद्योगांची झेप. कारखाने उभे राहिले तेव्हा त्यांत काम करण्याजोगी शिकलेली माणसे खेड्याखेड्यांत तयार होती. जमीन आणि शाळा यांचे वाटप आधी झाले की वाढीचे वाटप बरेचसे आपोआप होते. उत्पन्न एकदा थोड्या हातांत साठले की ते हात कायदेही आपल्याला हवे तसे करून घेतात आणि मग वाटप करणे अवघड होते. माझा कल म्हणूनच कोरियाच्या क्रमाकडे आहे.

वाढ नसताना गरिबी कमी होऊ शकते का?

काही काळ, काही प्रमाणात, होऊ शकते. श्रीलंका आणि केरळ यांनी दरडोई उत्पन्न कमी असतानाच साक्षरता, आयुर्मान आणि बालमृत्यू यांत अधिक उत्पन्नाच्या प्रदेशांना मागे टाकले. नेपाळचे उदाहरण वेगळे आहे. अर्थव्यवस्था संथ, त्यात 1996 ते 2006 असे दहा वर्षे यादवी युद्ध, आणि तरी 1995-96 मधली सुमारे 42 टक्के गरिबी 2010-11 मध्ये 25 टक्क्यांवर आली. मोठे कारण म्हणजे आखाती देशांत, मलेशियात आणि भारतात गेलेल्यांनी घरी पाठवलेला पैसा. म्हणजे वाढ होतीच, फक्त ती दुसऱ्याच्या देशात होती.

रोख मदत दिली तर लोक काम सोडून बसतात का?

नाही. होंडुरास, इंडोनेशिया, मोरोक्को, मेक्सिको, निकाराग्वा आणि फिलिपिन्स या सहा देशांतल्या सात प्रयोगांची आकडेवारी अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी एकत्र तपासली. मदत मिळालेल्यांनी काम कमी केल्याचा पद्धतशीर पुरावा सापडला नाही.

वर आलेली कुटुंबे पुन्हा खाली का घसरतात?

'इतके लोक गरिबीतून बाहेर आले' हा आकडा बेरीज-वजाबाकी करून उरलेला असतो. काही वर जातात, त्याच वेळी काही खाली येतात. राजकीय शास्त्राचे अभ्यासक अनिरुद्ध कृष्ण यांनी राजस्थान, गुजरात, आंध्र प्रदेश, केनिया, युगांडा आणि पेरू इथल्या खेड्यांत कुटुंबांच्या चढउताराची नोंद केली. खाली येण्यामागे सर्वांत जास्त वेळा दिसलेले कारण एकच: आजारपण आणि त्यावरचा खर्च. कमावता माणूस अंथरुणाला खिळतो, मजुरी थांबते, जनावर विकले जाते, जमीन गहाण पडते.

घसरण आर्थिक वाढीने थांबत नाही. तिथे सार्वजनिक आरोग्यसेवा, विमा आणि अडचणीला लगेच मिळणारा पैसा लागतो. केनियात 2007 मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू झाली, आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिच्यामुळे देशातली सुमारे दोन टक्के कुटुंबे गरिबीतून बाहेर आली. संकटात दूरच्या नातलगाकडून काही मिनिटांत पैसे येऊ लागले, आणि अनेक स्त्रियांना शेती सोडून छोटा धंदा सुरू करता आला.

अगदी तळच्या कुटुंबांना तेही पुरत नाही. बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने 2002 मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कार्यक्रम आखला: एखादी गाय किंवा शेळ्या, काही महिने खर्चाला पैसे, प्रशिक्षण आणि नियमित भेट. इथिओपिया, घाना, भारत, पाकिस्तान, पेरू आणि होंडुरास इथे तो करून पाहिला गेला. कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभरानेही बहुतेक ठिकाणी कुटुंबांची स्थिती सुधारलेली होती. होंडुरासमध्ये फायदा खर्चाला पुरला नाही, कारण दिलेल्या कोंबड्या मोठ्या संख्येने आजाराने मेल्या.

वाढीचा दर किती असला म्हणजे पुरेसा?

ठरीव आकडा नाही. वार्षिक दराने 70 ला भागले की उत्पन्न दुप्पट व्हायला किती वर्षे लागतील ते कळते: 7 टक्क्यांनी दहा वर्षे, 2 टक्क्यांनी पस्तीस. पण आधी लोकसंख्येची वाढ वजा करावी. अर्थव्यवस्था 3 टक्क्यांनी आणि लोकसंख्याही 3 टक्क्यांनी वाढत असेल तर माणशी काहीच वाढले नाही. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या अनेक आफ्रिकी देशांची 2014 नंतरची गत साधारण अशीच आहे, आणि जगातले बहुसंख्य अतिगरीब आता तिथेच राहतात. त्यातले कित्येक देश संघर्षग्रस्त आहेत. इथिओपियाने रस्ते, शेतीसल्लागारांचे जाळे आणि 2005 पासूनची रोजगार व अन्नसुरक्षेची योजना यांच्या बळावर गरिबी 2000 मधल्या 45 टक्क्यांवरून 2016 मध्ये 24 टक्क्यांवर आणली होती. 2020 च्या अखेरीस त्याच देशाच्या उत्तरेकडच्या टिग्रे प्रांतात युद्ध पेटले.

'जीडीपी वाढला, गरिबी घटली' अशी बातमी वाचल्यावर काय तपासावे?

शेतमजुराची खरी मजुरी, म्हणजे महागाई वजा करून उरलेली, वाढली का, ते आधी पाहा. माझ्या मते गरिबांची स्थिती सांगणारा याहून चांगला दुसरा आकडा नाही. कोणत्या क्षेत्रात वाढ झाली आणि तिथे किती माणसे काम करतात, तेही पाहा.

मग गरिबीचा आकडा आला कुठून, ते पाहा. गरिबी मोजायला घरोघरी जाऊन खर्चाची पाहणी करावी लागते आणि ती दरवर्षी होत नाही. भारतात 2011-12 नंतरची अधिकृत उपभोग खर्च पाहणी 2022-23 मध्ये झाली. 2017-18 ची झाली होती, पण तिचे निष्कर्ष सरकारने स्वीकारले नाहीत. पाहणी नसलेल्या वर्षांचे आकडे जागतिक बँक बहुतेकदा आर्थिक वाढीच्या दरावरूनच अंदाजाने काढते. असा आकडा दाखवून कोणी 'बघा, वाढीमुळे गरिबी घटली' असे म्हणत असेल, तर त्यात काहीच सिद्ध झालेले नसते. वाढीने गरिबी घटते, हे तिथे हिशेबातच आधी धरलेले असते.